स्फुट विचार : वृद्धाश्रमांचा प्रश्न

स्कॉटलंडांत आरोग्यखात्याचा कारभार लंडनकडे नाहीं, एडिंबरोच्या विधिमंडळाकडे सोंपविलेला आहे. त्यामुळें कोविडच्या सांथींतील वृद्धाश्रमांचा जाबही तेथल्याच सरकारास द्यावा लागला. मजूर पक्षाचे रिचर्ड लिओनार्ड यांनीं तो वारंवार मागितला. इस्पितळें मोकळीं करण्याच्या घाईंत म्हातारीं माणसें चांचणीवांचून वृद्धाश्रमांत कां धाडलीं? ऑक्टोबर २०२० मध्यें सरकारी अहवाल आला. १ मार्च ते २१ एप्रिलपर्यंत अशा ३,५९९ पाठवण्या झाल्या होत्या. पैकीं चांचणी अवघ्या ६५० जणांची, आणि त्यांतील ७८ जणांस रोग होता! लक्षणांवांचूनही रोग पसरतो हें प्रारंभीं नीट उमगलें नव्हतें, ही सरकारची बाजू आम्ही अगदींच पोकळ म्हणत नाहीं. पण दुखण्यांतून उठलेल्या आजोबांचें अंथरूण कोठें घालावें हें ठरवितांना आपण शेजारीं निजणाऱ्या आजीचाही विचार करितों. तेवढा विचार झाला होता काय, हेंच लिओनार्ड विचारीत होते. नोव्हेंबरांत विधिमंडळानें तात्काळ चौकशीचा ठराव केला. आरोग्यमंत्री जीन फ्रीमन बाईंनीं चूक कबूल केली ती एप्रिल २०२१ मध्यें. लिओनार्ड यांनीं पक्षाचें नेतेपद जानेवारींतच सोडलें होतें.