प्रतिपिंडाची साक्ष

अनुमस्तिष्काच्या पातळ छेदावर कॅल्बिंडिन या कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड सोडले असता पुर्किंजे पेशींची संपूर्ण रांग आपल्या शाखाविस्तारासह उजळून निघते, आणि ते दृश्य ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले त्याचा त्या इवल्याशा कुपीवर विश्वास बसावा हे स्वाभाविकच आहे. परंतु जो साक्षीदार इतक्या स्पष्टपणे बोलतो त्याचीच उलटतपासणी आधी व्हावयास हवी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

कारण कॅल्बिंडिनचे कुळ मोठे आहे. कॅल्शियमला सामावून घेणारी जी घडण १९७३ साली क्रेट्सिंगर व नॉकोल्ड्स यांनी कार्प माशाच्या पार्व्हाल्ब्युमिनमध्ये वर्णिली, ती या कुळात वारंवार आढळते. आणि १९८७ साली उजेडात आलेल्या कॅल्रेटिनिनची तर निम्म्याहून अधिक अमिनो आम्ले कॅल्बिंडिनशी जुळतात. साहजिकच, सशाच्या रक्तातून मिळविलेले एकाचे प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटल्याचे दाखले संशोधनवाङ्मयात आहेत. आणि ही दोन प्रथिने पुष्कळदा भिन्न चेतापेशींत वसत असल्यामुळे अशा प्रतिपिंडाच्या भरवशावर केलेली पेशींची गणती मुळातच चुकते. कॅल्रेटिनिनचा रंग फुफ्फुसावरणाचा कर्करोग ओळखण्यासही साहाय्यभूत होतो, हे ध्यानी घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ पंडितांपुरता उरत नाही.

कोहलर व मिलस्टाइन यांच्या १९७५ च्या शोधाने मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीवंशातून निघालेली एकसारखी प्रतिपिंडे दिली, हे उपकार मोठेच. तथापि एकजिनसीपणा म्हणजे अचूकपणा नव्हे. खरी खातरजमा ज्या उंदरात त्या प्रथिनाचे जनुकच निकामी केले आहे त्याच्या छेदावर होते: तेथेही रंग चढला, तर ते प्रतिपिंड भलत्याच कशाला तरी चिकटले आहे. मेंदूच्या अभ्यासाशी निगडित ६५ प्रथिनांसाठी विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे अशाच, जनुक निकामी केलेल्या पेशींवर पारखली गेली, तेव्हा निम्म्याहून अधिक एखाद्या तरी कसोटीत नापास ठरल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

तुटपुंज्या अनुदानातून एकच कुपी मागविणाऱ्या विद्यार्थ्याला अशी परीक्षा परवडत नाही, आणि त्याचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. म्हणून अनुदान मंजूर करणाऱ्यांनी पडताळणीच्या खर्चाची स्वतंत्र तजवीज करावी, प्रबंधासोबत तिचा दाखला सक्तीने मागावा, आणि जे प्रतिपिंड खोटे ठरले त्याचा निकाल, तो कितीही गैरसोयीचा असला तरी, इतर प्रयोगशाळांना खुला ठेवावा.