उरणच्या खाडीत अमेरिकेचा रोहित?

पूर्वी पक्ष्यांची रंगीत चित्रे छापणे हे मोठ्या खर्चाचे व कष्टाचे काम होते. जॉन जेम्स ऑड्युबनच्या ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ या ग्रंथातील ४३५ चित्रे १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध झाली. प्रत्येक छापावर हाताने रंग भरावा लागे. आज तीच चित्रे घरबसल्या संगणकावर उतरवून घेता येतात. पक्षी सुटा करता येतो, त्याचे रंग व भोवतालचा देखावा बदलता येतो. जुन्या चित्रांना असे नवे रूप देण्याचा छंद चांगलाच आहे. माझे म्हणणे एवढेच, की संगणकापुढे बसण्याआधी एकदा खाडीवर जाऊन यावे.

का, ते पाहा. ऑड्युबनने रोहित पक्षी मान खाली वाकवलेला काढला आहे. पक्षी खऱ्या आकाराचाच काढायचा हा त्याचा नियम. आणि सुमारे एक मीटर उंचीच्या कागदावरही ताठ मानेचा रोहित मावत नव्हता! शिवाय तो रोहित अमेरिकेतला, गडद तांबूस-गुलाबी रंगाचा. आपल्या उरणच्या पाणथळ जागी दिसणारा मोठा रोहित बराच पांढरट असतो. त्याची चोच गुलाबी व टोकाशी काळी असते. लहान रोहिताची चोच काळपट तांबडी. ऑड्युबनचा पक्षी उचलून उरणच्या खाडीत उभा केला, तर चित्र सुंदर दिसेल, पण खोटे असेल. त्यावरून पक्षी ओळखू पाहणाऱ्याची फसगतच होईल.

जुने चित्रकार बहुधा मारलेल्या पक्ष्यावरून चित्र काढीत. मेल्यानंतर चोच, पाय व डोळे यांचे रंग उतरतात. ही उणीव यंत्र आपण होऊन भरून काढणार नाही. त्यासाठी जिवंत पक्षीच पाहिला पाहिजे.

अलिबागजवळच्या किहीम येथे १९३० साली सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते. तिने पसंत केले, की नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो! एक नर, एक मादी आणि पुरे झालेले घरटे, एवढ्या चित्रात ही हकीकत कशी मावणार? येथे संगणक खरा उपयोगी पडतो. घरट्याची एकेक अवस्था वेगळ्या थरावर काढून क्रमाने दाखवता येते.

कोणी म्हणेल, कलेत कल्पनेला मोकळीक हवी. जरूर हवी, मात्र त्या चित्राखाली ‘कल्पनाचित्र’ असे लिहावे. शिक्षकांनाही एक विनंती आहे. प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी लिहून घ्या : मूळ चित्र कोणाचे, पक्षी कोठे व केव्हा पाहिला, आणि चित्रात काय बदलले.

पावसाळ्यात सुगरणी घरटी विणू लागतील. तेव्हा प्रथम वही-पेन्सिल घेऊन निघा. संगणक घरी थांबेल, पक्षी थांबणार नाहीत.