अंदाज त्यांचा, भुर्दंड आपला!



विजेची मागणी किती वाढेल हे सरकारी यंत्रणा सांगतात, त्यावरून वीज खरेदीचे करार होतात आणि ते पंचवीस-पंचवीस वर्षे आपल्या मानेवर बसतात. अंदाज फसला म्हणून कुणाला जाब विचारला गेल्याचे कधी ऐकले आहे?

कोकणातला दाभोळ वीजप्रकल्प आठवा. १९९३ साली अमेरिकी कंपनी एन्रॉनशी राज्य वीज मंडळाचा वीजखरेदीचा करार झाला. ही वीज महाग पडेल आणि गरजेपेक्षा जास्त होईल, असे सांगून जागतिक बँकेने त्याच वर्षी कर्ज नाकारले होते. कुणी ऐकले नाही. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, पुढच्याच वर्षी युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. वीज उचलली नाही तरी पैसे मोजा, ही करारातली अट. २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला. वीज जास्त होईल म्हणून जिथे वाद पेटला होता, त्याच महाराष्ट्रातील अनेक खेड्यांनी काही वर्षांतच रोज बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. पिके डोळ्यांदेखत वाळली.

यातून दिल्लीने तरी धडा घेतला का? केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या अठराव्या वीजमागणी सर्वेक्षणाने २०१६-१७ साठी देशाची कमाल मागणी सुमारे १ लाख ९९ हजार मेगावॉट धरली होती. प्रत्यक्षात ती १ लाख ६० हजारांच्याही आतच राहिली. त्या वर्षी औष्णिक केंद्रे सरासरी साठ टक्के क्षमतेनेही चालली नाहीत. बंद संचांचाही स्थिर खर्च करारानुसार द्यावाच लागतो आणि तो वीजदरातून आपल्याच खिशातून जातो.

सौरऊर्जेत दोन्ही बाजूंनी चूक झाली. २०२२ पर्यंत एक लाख मेगावॉटचे लक्ष्य होते, उभे राहिले साठ हजारांच्या आसपास. उलट दर कुणाच्याही कल्पनेपेक्षा वेगाने कोसळले : २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे युनिटला २ रुपये ४४ पैशांची बोली लागली. त्याआधीच महाग कोळसा-विजेचे दीर्घ करार करून बसलेल्यांना हा स्वस्ताईचा लाभ घेता आला नाही.

भविष्य कुणालाच अचूक सांगता येत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण चुकलेल्या अंदाजाचा हिशेब लपवणे मान्य नाही. म्हणून महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे आमची मागणी आहे : दरवाढीच्या प्रत्येक प्रस्तावात मागील दहा वर्षांचे अंदाज आणि प्रत्यक्ष मागणी शेजारी-शेजारी छापा. तफावत मोठी असेल तर नव्या करारांना मंजुरी देऊ नका आणि बंद संचांच्या खर्चाचा वाटा वीज कंपन्यांवरही टाका.

वीज कायदा २००३ ने हरकत नोंदवण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला दिला आहे. आयोगाच्या येत्या जनसुनावणीला या, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.