वायफायसाठी सर्टिफिकेट? जरा थांबा!

आपल्या गावातल्या एका अभ्यासिकेतल्या पोरांनी मला एक मेसेज फॉरवर्ड केलाय. नवीन सिस्टीम बसवली आहे, वायफाय हवं असेल तर सोबतची सर्टिफिकेट फाइल मोबाइलमध्ये टाका. बऱ्याच जणांनी टाकलीसुद्धा. माझं स्पष्ट मत आहे, स्वतःच्या मोबाइलमध्ये ही फाइल कुणीही टाकू नये.

का, ते सांगतो. पूर्वी नेटची लाइन बारीक आणि महाग असायची. तेव्हा सायबर कॅफेवाले, कॉलेजवाले एका जुन्या कॉम्प्युटरवर स्क्विड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून तो मध्ये बसवायचे. पोर्ट ८० वरून जाणारं सगळं राउटर आधी त्याच्याकडे वळवायचा. एकाने उघडलेल्या पानाची प्रत तिथे साठायची, दुसऱ्याला तीच मिळायची. वापरणाऱ्याला काही सेट करावं लागत नसे, कळतही नसे. म्हणून त्याला म्हणतात ट्रान्स्परंट प्रॉक्सी. (पारदर्शक कसला, अदृश्य म्हणा!) कधीमधी शिळं पान दिसायचं, पण पैसे वाचवायची युक्ती म्हणून ती चोख होती.

अडचण अशी, की मध्ये बसलेल्याला वाचताही येतं आणि बदलताही येतं. २०१५ मध्ये एअरटेलच्या ३जी नेटवर्कवर ग्राहकांच्या पानांत परस्पर कोड घुसवला जात असल्याचं बेंगळुरूच्या एका प्रोग्रामरने दाखवून दिलं. डेटावापर ग्राहकाला कळावा म्हणून चाचणी चालू होती, असं कंपनीचं म्हणणं. आणि वकिलाची नोटीस कुणाला, तर उघड करणाऱ्यालाच!

आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत. म्हणजे कुलूप लागलं. मधल्या प्रॉक्सीला फार तर साइटचं नाव दिसतं, आतला मजकूर नाही. त्यामुळे प्रत साठवण्याचा फायदाही जवळपास संपला. कुलूप उघडायला एकच वाट उरते, ती म्हणजे हे सर्टिफिकेट. ते टाकलं की प्रॉक्सी म्हणेल 'मीच ती साइट', आणि तुमचा ब्राउझर मान डोलावेल. पाकीट फोडायचं, वाचायचं, पुन्हा चिकटवून पुढे धाडायचं. बरीचशी बँकांची ॲप असल्या सर्टिफिकेटला दाद देत नाहीत, हे खरं. पण आपली पोरं एमपीएससीचे फॉर्म ब्राउझरमध्येच भरतात ना? पासवर्ड, आधार नंबर, मार्कलिस्ट, सगळं तिथूनच जातं.

चालक म्हणतात, पोरं पिक्चर डाउनलोड करतात, स्पीड मिळत नाही. मान्य! मग राउटरमध्ये प्रत्येकाला स्पीडची मर्यादा घाला, नको त्या साइट बंद करा. त्याला कुणाचं कुलूप फोडावं लागत नाही. ऑफिसने स्वतःच्या कॉम्प्युटरवर, लेखी सांगून हे केलं तर गोष्ट वेगळी. इथे मोबाइल पोराचा आहे आणि फी त्याच्या बापाने भरलीय.

ज्यांनी फाइल टाकलीय त्यांनी सेटिंग्जमध्ये 'क्रेडेन्शियल्स' शोधा, 'युजर'खाली ती दिसेल, काढून टाका. मग त्या वायफायवर भरलेले पासवर्ड आपल्या मोबाइल डेटावरून बदला. फाइल काढली म्हणून वायफाय बंद केलं तर इनबॉक्समध्ये कळवा. चालकांशी मी बोलतो.