माजी सैनिकाची झोप



सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून घरटी माणूस फौजेत गेला. ऊस पिकवणाऱ्यांतही माजी सैनिक पुष्कळ. त्यातला एखादा रात्री दचकून उठतो, ओरडतो. लोक म्हणतात, "बाहेरचं असेल," नाहीतर "दोन घोट घे, झोप लागंल." आमच्या मते दोन्ही सल्ले घातक आहेत. दारूने डोळा लागतो, पण झोप मध्येच तुटते.

लढाईच्या आघाताने होणारा हा आजार आहे. त्यातल्या निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नव्हे, शिस्त. उठण्याची वेळ रोज एकच, झोप आली तरच आडवे व्हायचे, डोळा लागेना तर उठून बसायचे. हे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही आठवडे करावे लागते. म्हणून रात्रीच्या पाण्याची पाळी घरातल्या दुसऱ्याने घ्यावी. वाईट स्वप्नांसाठी रक्तदाबाची प्राझोसिन गोळी काहींना देतात. पण अमेरिकेतील माजी सैनिकांवरील मोठ्या चाचणीत (२०१८) ती औषध नसलेल्या गोळीहून सरस ठरली नाही. तेव्हा ऐकीव गोळ्या नकोत.

माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावरही बोलता येते. फडाला तांबेरा दिसला की आपण शेतकी खात्याकडे धावतो. मग घरच्या जवानासाठी डॉक्टरकडे जायला लाज कसली?