ज्याची नोंद, त्याला ती दिसलीच पाहिजे

नोकरीवर रुजू होण्याचा पहिला दिवस बहुतेक कागद देण्यातच जातो. आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, नॉमिनीचं नाव आणि जन्मतारीख, रक्तगट, ओळखीच्या दोन माणसांचे फोन नंबर. मग अंगठा किंवा चेहरा यंत्रात नोंदवला जातो आणि एका फॉर्मवर सही होते. त्यानंतर ही माहिती कुठे ठेवली, कोणी पाहिली, कोणत्या बाहेरच्या एजन्सीला दिली आणि तिच्यात पुढे काय काय भरलं गेलं, हे त्या माणसाला सहसा कळत नाही. कधी बढती अडते, कधी ठेकेदार यादीतून नाव काढतो. कारण कदाचित त्या नोंदींतच असतं, पण नेमक्या त्याच नोंदी त्याला बघता येत नाहीत.

कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक माहितीविषयी बोलताना दोन प्रश्न हटकून विचारले जातात: संमती घेतली होती का, आणि माहिती बाहेर फुटली का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण सगळ्यात मोठा अन्याय त्यांच्या आधीच घडलेला असतो. ज्याच्याविषयी लिहिलं जातं, त्यालाच ते वाचता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याने हा अन्याय दूर करायला हवा होता. त्याऐवजी नोकरदारांच्या बाबतीत तो पक्का केला.

आधी संमतीचं बघू. व्यवस्थापनाचं नेहमीचं म्हणणं असं, की माणसाने स्वतः सही केली आहे, मग तक्रार कसली? नोकरी हातात पडायच्या क्षणी पुढे आलेल्या कागदावर कोण ‘नाही’ लिहील? घरभाडं, कर्जाचा हप्ता, गावाकडचं म्हातारं माणूस, हे सगळं त्या सहीमागे उभं असतं. ब्रिटनमध्ये सर्को लेझर ही कंपनी आपल्या क्रीडाकेंद्रांवर चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन हजेरी लावत होती. तिथल्या माहिती आयुक्तालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ३८ केंद्रांवरच्या, २,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे थांबवायचा आदेश दिला. मालक आणि कामगार यांच्या ताकदीत एवढी तफावत असताना, आणि दुसरा मार्ग नीट सांगितलेलाच नसताना, कर्मचारी नकार देऊ शकत होते असं मानता येत नाही, हा त्यातला मुद्दा. ओळखपत्र किंवा साधं कार्ड वापरून तेच काम झालं असतं.

भारतीय कायदाही एका अर्थी हे मान्य करतो. २०२३ च्या कायद्याचं कलम ७(आय) सांगतं, की नोकरीच्या कारणासाठी, किंवा नुकसान आणि कायदेशीर जबाबदारी यांपासून मालकाचं रक्षण करण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती संमती न घेताही वापरता येईल. पगार काढायला, भविष्यनिर्वाह निधी भरायला, अपघात विम्यासाठी दर वेळी संमती मागत बसणं व्यर्थ आहे. नावापुरती संमती घेण्यापेक्षा ती मागूच नये, इथवर ठीक.

खोट पुढे आहे. माहिती घेताना सूचना देण्याचं बंधन कलम ५ मध्ये आहे, पण ते संमती मागताना लागू होतं. आपली कोणती माहिती वापरली जाते हे विचारायचा हक्क कलम ११ मध्ये आहे, चुकीची दुरुस्त करून घ्यायचा किंवा पुसून घ्यायचा कलम १२ मध्ये. दोन्ही हक्क कायद्याने अशा माहितीपुरते ठेवले आहेत जी माणसाने संमतीने किंवा आपण होऊन दिली आहे. संमतीची अट निघाली, तिच्याबरोबर सूचना गेली, बघण्याचा हक्क गेला, दुरुस्तीचाही गेला. परिणाम असा, की एखाद्या बँकेत संमती देऊन खातं उघडणारी बाई बँकेला विचारू शकते, माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे. त्याच बँकेत कारकून असलेली बाई स्वतःच्या नोकरीच्या नोंदींविषयी हा प्रश्न या कायद्याच्या आधारे विचारू शकत नाही.

हे आधीपासून असं नव्हतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत, तुटपुंजा का होईना, दिलेली माहिती पुन्हा पाहून दुरुस्त करून घ्यायचा हक्क होता. आरोग्याची आणि बायोमेट्रिक माहिती संवेदनशील म्हणून वेगळी काढलेली होती. २०१९ च्या विधेयकातही नोकरीच्या कारणासाठी संमतीविना माहिती वापरायची सूट होती, पण संवेदनशील माहिती तिच्यातून वगळली होती. २०२३ च्या कायद्यात ‘संवेदनशील’ हा वर्गच उरला नाही. कामगाराचा रक्तदाब आणि त्याच्या बसचा थांबा, दोन्ही एकाच तराजूत.

यावर दुसरा आक्षेप तयार असतो. नोंदी कर्मचाऱ्याला दाखवल्या तर कारभार चालायचा नाही, वरिष्ठ मोकळेपणाने लिहिणार नाहीत, रोज भांडणं होतील. हा आक्षेप नवा नाही. सरकारी नोकरीत गोपनीय अहवालांच्या बाबतीत तो अनेक वर्षं केला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाली काढला.

देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा खटला सीमा रस्ते विभागातल्या एका कार्यकारी अभियंत्याचा. बढतीसाठी अलीकडच्या वर्षांत ‘अतिशय चांगला’ असा शेरा हवा होता. १९९३-९४ साली त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळालेला होता. शेरा वाईट नव्हता, म्हणून तो कळवायची गरज नाही, असा नियमाचा अर्थ लावला गेला. त्यांना तो कळलाच नाही, आणि त्यावरच बढती हुकली. मे २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की शेरा चांगला असो, वाईट असो, प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला पाहिजे. न कळवणं ही मनमानी आहे आणि ती संविधानाच्या अनुच्छेद १४ ला धरून नाही. निकाल लागेपर्यंत हे अभियंते निवृत्त झालेले होते, हेही इथे विसरू नये. पुढे २०१३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच तत्त्व उचलून धरलं. केंद्र सरकारने तर २००९ सालीच पूर्ण मूल्यमापन अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायचे आदेश काढले होते. आज केंद्रातले अधिकारी आपले शेरे वाचतात, पटले नाहीत तर निवेदन देतात, आणि कारभार चालू आहे.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सेवापुस्तक माहीत असतं. जन्मतारीख, वेतनवाढ, रजा, बदली, सगळं त्यात हाताने लिहिलेलं. ते वेळोवेळी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची, ही नियमातली रीत आहे. कामाच्या ताणात ती टाळली जाते तेव्हा निवृत्तीच्या तोंडावर पेन्शन अडते, आणि अनेक वर्षांपूर्वीची चुकलेली नोंद दुरुस्त करायला माणूस कार्यालयाचे उंबरे झिजवतो. ज्याने त्याने आपली नोंद वाचायची आणि सही करायची, ही शहाणी पद्धत या मातीतलीच आहे. सर्व्हरवर गेल्याने नोंदीचं स्वरूप बदललं, पण ती वाचण्याचा हक्क का संपावा?

एवढं सगळं संगणकातून काढून देणं व्यवहार्य नाही, हीसुद्धा सबब ऐकू येते. तिला उत्तर एका भारतीय कंपनीच्याच प्रकरणात आहे. ब्रिटनमध्ये ओलासाठी गाडी चालवणारे काही चालक नेदरलँड्सच्या न्यायालयात गेले, कारण कंपनीचा युरोपातला कारभार तिथे नोंदलेला होता. ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये चालकांच्या बाजूने निकाल दिला. चालक लबाडी करण्याची शक्यता किती, याचा गुणांक कंपनीची यंत्रणा काढत होती आणि कमाईवरूनही त्याची प्रतवारी लावत होती. ही माहिती आणि तिच्या आधारे होणाऱ्या निर्णयांचा खुलासा चालकांना द्यावा लागेल, असं न्यायालयाने ठरवलं. बेंगळुरूच्या कंपनीला परदेशी चालकांसमोर जे उघड करावं लागलं, ते इथल्या कारखान्याला आणि महापालिकेला अशक्य आहे, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण त्यात तथ्य आहे. खोटी हजेरी ही खरी समस्या आहे. रोजगार हमीच्या मस्टरवर बनावट नावं चढायची, ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. ही योजनाच इथे जन्मली. बनावट नावामुळे सरकारी पैसा बुडतोच, खऱ्या मजुराचं कामही मारलं जातं. म्हणून डोळ्यांत तेल घालून हजेरी तपासली पाहिजे, हे निर्विवाद. वाद आहे तो उपायाशी.

मनरेगा या केंद्राच्या रोजगार हमी योजनेत १ जानेवारी २०२३ पासून एनएमएमएस ॲपवर हजेरी सक्तीची झाली. कामाच्या जागेवर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो, सोबत ठिकाणाची नोंद. रेंज नसलेल्या माळरानावर फोटो चढेना की त्याचा फटका मजुराला. अडीच वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून गैरप्रकार मांडले: कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढला जातो, एकाच मजुराचा फोटो अनेक मस्टरवर दिसतो. उपाय काय सांगितला? ग्रामपंचायत पातळीवर प्रत्येक फोटो माणसाने तपासायचा. लबाडी करणाऱ्याला ॲप अडवू शकलं नाही, आणि दिवसभर माती उपसणाऱ्या बाईला मात्र रोज दोनदा कॅमेऱ्यासमोर उभं केलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही. याच योजनेत मस्टर मजुरांना खुलं ठेवायची आणि गावात सामाजिक अंकेक्षण करायची तरतूद होती. चार जणांसमोर मस्टर वाचलं, की मेलेल्या माणसाची हजेरी लगेच पकडली जाते. वरून पाळत ठेवण्यापेक्षा खालून नोंद तपासणं इथे अधिक कामाचं ठरतं.

नागपूर, चंडीगड अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली गेली. कोण कुठे आहे हे अधिकाऱ्यांना पडद्यावर दिसतं. घड्याळ बंद पडलं तर पगार कापला जाईल या धास्तीची, आणि बायकांनी लघवीला जाण्याचीही चोरी झाल्याची तक्रार कामगारांनी केली. आता याच घड्याळाची नोंद कामगाराच्या हातात असती तर? पहाटे किती वाजता झाडू हातात घेतला, किती रस्ता झाडला, जादा किती थांबावं लागलं, हे तो ठेकेदाराला त्याच नोंदीवरून दाखवू शकला असता. पण नोंद एकाच बाजूला दिसते, म्हणून ती फक्त दंडासाठी वापरली जाते.

चांगल्या, नावाजलेल्या कंपन्या असलं काही करत नाहीत, या विश्वासाला जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमधल्या एका प्रकरणाने तडा दिला. एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीच्या तिथल्या सेवाकेंद्रात, कर्मचारी सुट्टीवरून किंवा आजारपणातून परतला, की टीम लीडर त्याच्याशी आपुलकीने गप्पा मारायचा. सुट्टी कशी गेली, बरं वाटतंय का. मग सुट्टीतले अनुभव, आजाराची लक्षणं, निदान हे सगळं लिहून ठेवलं जायचं. जाता-येता कानावर पडलेल्या कौटुंबिक अडचणी आणि धार्मिक श्रद्धाही त्यात असायच्या. सुमारे ५० व्यवस्थापकांना या नोंदी उघडता येत होत्या, आणि नोकरीविषयीच्या निर्णयांत त्या वापरल्या जात होत्या. हे किमान २०१४ पासून चालू होतं. उघडकीस कसं आलं? ऑक्टोबर २०१९ मध्ये संगणकाच्या मांडणीत चूक झाली आणि काही तास या नोंदी कंपनीत सगळ्यांना दिसू लागल्या. हॅम्बर्गच्या डेटा संरक्षण आयुक्तांनी पुढच्या वर्षी सुमारे ३ कोटी ५३ लाख युरोंचा दंड ठोठावला. ती चूक झाली नसती तर ज्यांच्याविषयी हे लिहिलं होतं त्यांना कदाचित कधीच कळलं नसतं.

शेवटी २५० कोटींच्या दंडाचा दाखला दिला जातो. माहिती सुरक्षित ठेवली नाही तर भारतीय कायद्यात तेवढ्या रकमेपर्यंत दंड आहे, हे खरं, आणि ती जबाबदारी कर्मचाऱ्यांच्या माहितीलाही लागू आहे. पण दंडाचा पैसा भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याचा पगार, पत्ता, बँक खातं चव्हाट्यावर आलं, त्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. निष्काळजीपणाबद्दल भरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३-अ हा नवा कायदा रद्द करतो. ब्रिटनमध्ये मॉरिसन्स या दुकानसाखळीच्या एका अंतर्गत लेखापरीक्षकाने २०१४ मध्ये जवळपास एक लाख सहकाऱ्यांची पगाराची माहिती सूडापोटी इंटरनेटवर टाकली. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कृत्याची जबाबदारी कंपनीवर टाकायला नकार दिला. धोका बाहेरच्या हॅकरइतकाच आतल्या माणसाचाही असतो, आणि नुकसान कामगारच सोसतो. भारतीय कायद्यानुसार माहिती फुटली तर ते कर्मचाऱ्याला कळवावं लागेल. फुटण्याआधी तिथे काय साठवलं होतं, ते मात्र सांगायची सक्ती नाही.

मग करायचं काय? संसदेने कलम ११ आणि १२ मध्ये कलम ७(आय) खालची माहिती आणावी, आणि रुजू होतानाच लेखी सूचना देण्याचं बंधन घालावं. आरोग्याची आणि बायोमेट्रिक माहिती वेगळी काढावी. ज्याचा अंगठा उमटत नाही किंवा ज्याला चेहरा द्यायचा नाही, त्याला कार्डाचा पर्याय मिळावा. सिमेंट आणि विटा हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाला तो आजच हवा आहे. चालू चौकशीचे कागद, लैंगिक छळाच्या तक्रारीतली नावं, दुसऱ्या कर्मचाऱ्याची माहिती झाकून ठेवायची मुभा मालकाला असावी. त्या मुभेला सीमा असाव्यात एवढंच.

कायद्याची मुख्य कलमं नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. दुरुस्तीला तेवढा वेळ आहे, पण कामगार संघटनांनी तिची वाट बघायची गरज नाही. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असली पाहिजे आणि तिच्यात दोन्ही बाजूंचे सभासद समसमान असले पाहिजेत, असं ती सांगते. नोंद दाखवत नाहीत, ही तक्रार त्या समितीपुढे पहिल्याच बैठकीत ठेवता येईल. चाकण, सातपूर, वाळूजमध्ये वेतनकरार होतात तेव्हा पगारवाढीच्या आकड्याबरोबर एक कलम मसुद्यात घालता येईल: हजेरीयंत्रातली, कारखान्याच्या दवाखान्यातली किंवा सुपरवायझरच्या फाइलीतली, कामगाराविषयीची कोणतीही नोंद त्याने मागितल्यापासून पंधरा दिवसांत त्याला समजेल अशा भाषेत दाखवली जाईल, आणि न दाखवलेल्या नोंदीवरून कोणावरही कारवाई होणार नाही.