३५ प्रसूती, ५ बालके आणि जोतीरावांचे एक पत्र

१/ इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने १८४७ मध्ये लंडनला ‘युरेनिया कॉटेज’ हे निराश्रित स्त्रियांचे आश्रयगृह उभारले. पैसा अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य स्त्रीचा. गृहाचे नियम, पोशाख, शिस्त यांविषयी डिकन्सने तिला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत.

२/ त्या पत्रांत कळकळ निश्चित आहे. तथापि, सुधारलेल्या स्त्रीला अखेर ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या वसाहतीत धाडायचे, हीच योजना होती. स्वदेशात तिला मानाने जगता येईल, ही आशा त्या योजनेत नव्हती.

३/ आता पुण्याकडे वळू. काशीबाई ही तरुण ब्राह्मण विधवा एका शास्त्रीबुवांपासून गरोदर राहिली. लोकलज्जेस्तव तिने अर्भक मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवा मोकळेच राहिले. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले.

४/ डिसेंबर १८८४ मध्ये, बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर मत देताना, जोतीरावांनी या गृहाचा हिशेब मांडला. ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या. ५ बालके जगली, ३० दगावली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांमुळे बालकांना गर्भातच इजा झाली, हे कारण त्यांनी दिले.

५/ संस्थाचालक सहसा यशाचे आकडे पुढे करतात. जोतीरावांनी ३० मृत्यू झाकले नाहीत, कारण तो आरोप त्या मातांवर नव्हता. त्यांना विषापर्यंत नेणाऱ्या सक्तीच्या वैधव्यावर होता.

६/ या प्रश्नाला वऱ्हाडातूनही वाचा फुटली. बडनेऱ्याहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील मलकापूरच्या पलीकडे, घाटावर बुलढाणा आहे. तेथील ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्याचे. पुरुषांच्या दोषांची शिक्षा स्त्रियांनाच का, हा त्यांचा रोख होता. टीका झाली, तेव्हा जोतीराव त्यांच्या पाठीशी राहिले.

७/ म्हणूनच ‘डिकन्सचे कार्य मोठे की फुल्यांचे’ हा वाद निष्फळ आहे. आश्रयगृहाची खरी कसोटी वेगळी: तेथे आलेल्या स्त्रीला आपल्याच गावात ताठ मानेने जगता येते का? जोतीराव-सावित्रीबाईंनी अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, त्याला आपले नाव दिले आणि डॉक्टर केले. त्या कसोटीला त्यांनी दिलेले हे उत्तर होते, तेही पुण्यातच राहून.